लाम्मर्ट विसिंकच्या टाकीतलं हिरवं सूत

लाम्मर्ट विसिंक दिवसाला साठ जनावरं पाडायचा. आल्मेलो गावाबाहेरच्या कत्तलखान्यात त्याचं काम एवढंच होतं. जनावर लोखंडी खोड्यात येऊन उभं राही. तो वाकून पिस्तूल त्याच्या कपाळाला टेकवी. खटका ओढला की आतला खिळा हाड फोडून आत जाई आणि परत येई. सहाशे किलोंचं धूड पाय पोटाशी घेऊन खाली बसे. मग लाम्मर्ट बोटाच्या टोकाने त्याच्या डोळ्याच्या कडेला स्पर्श करी. पापणी हलली तर पुन्हा पिस्तूल. नाही हलली तर पुढचं जनावर.

बावीस वर्षांत त्याला पुन्हा पिस्तूल टेकवावं लागलं ते फार थोड्या वेळा.

संध्याकाळी पाच वाजता हेच हात कोपरापर्यंत कोमट पाण्यात असत. बैठकीच्या खोलीत, लोक जिथे टीव्ही ठेवतात तिथे, लाम्मर्टची माशांची काचेची टाकी होती. माणसाच्या उंचीएवढी लांब. तिच्यात तो लांब चिमट्याने नखाएवढी पानं सरळ करायचा. पुढे बुटकी झाडं, मागे उंच, मधून तिरकी चढत जाणारी लाल पानांची वाट. वर निळ्या-लाल रेघेच्या लहान माशांचा थवा. मासे त्याच्या बोटांना बुजत नसत.

हे सगळं बारा वर्षांपूर्वी सुरू झालं, आणि ते बटाट्यांवरून सुरू झालं. बटाटे कच्चे राहिले होते. येनेके, त्याची बायको, पातेलं परत शेगडीवर ठेवायला निघाली होती. लाम्मर्टने स्वयंपाकघराचं दार लाथेने लोटलं. तिचा हात चौकटीवर होता. हाडं मोडल्याचा आवाज त्याला ओळखीचा होता. तो रोज तो ऐकायचा. म्हणून तर तो जागच्या जागी थिजला.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं तेव्हा येनेकेने ते डॉक्टरकडून मागून घेतलं. कागदी पिशवीत घालून घरी आणलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "पुन्हा एकदा हात उचललास, माझ्यावरच असं नाही, कुणावरही, तर मी सायकल काढीन आणि डेव्हेंटरला बहिणीकडे जाईन. भांडणार नाही. रडणार नाही. नुसती जाईन."

लाम्मर्टने मान हलवली. येनेके बोलते तसं करते, हे त्याला लग्नाआधीपासून माहीत होतं.

त्याच आठवड्यात एवर्ट ओल्डेनकाम्प हातगाडी ढकलत दारात आला. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा विणकर. गिरणी बंद पडली होती, बायको वारली होती, जिभेला मात्र काही झालं नव्हतं. हातगाडीवर एक जुनी काचेची टाकी होती.

"घे, खाटका," तो म्हणाला. "ह्यात हात घातलास की सावकाशच काढावा लागतो. नाहीतर सगळं गढूळ होतं. तुला हेच औषध."

औषध लागू पडलं. बारा वर्षं लाम्मर्टने कुणाला बोट लावलं नाही. राग यायचा. आला की तो टाकीपुढे जाऊन बसायचा आणि एखादं पिवळं पान शोधायचा.

गावात टाकीवाल्यांचं मंडळ होतं. तेवीस जण. महिन्यातून एका मंगळवारी चर्चमागच्या खोलीत जमायचे, बिअर प्यायचे, पाण्यावरून वाद घालायचे. उठायच्या वेळी प्रत्येक जण आपल्या टाकीतल्या फांद्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दुसऱ्याला द्यायचा. फांदी घेताना आभार मानायचे नाहीत, असा रिवाज. आभार मानले तर फांदी लागत नाही. शाळामास्तरापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे हा रिवाज पाळायचे आणि आपण असलं काही मानत नाही, असंही सांगायचे.

वर्षातून एकदा परीक्षक घरोघरी येत. खुर्ची टाकून टाकीपुढे बसत. अर्धा तास एक शब्द नाही. कागदावर गुण. पेनाला टोपण बसेपर्यंत कॉफीसुद्धा घ्यायची नाही. पहिला येणाऱ्याची टाकी जिल्ह्याच्या स्पर्धेत धरली जाई. सात वर्षं एवर्ट पहिला होता. गेली चार वर्षं लाम्मर्ट दुसरा.

"तू दुसरा येतोस म्हणून मला पहिलं यायला मजा येते," एवर्ट म्हणायचा. "तिसरा आलास तर मी सोडूनच देईन."

लाम्मर्ट हसायचा. पण घरी येऊन तो टाकीपुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायचा.

झाडांच्या मुळांशी वाळूखाली मातीचे छोटे गोळे पुरायचे, हे एवर्टनेच त्याला शिकवलं होतं. साधी पिवळी माती, वाळवलेली, सुपारीएवढी. पण मंडळातल्या प्रत्येकाचं मातीत काहीतरी स्वतःचं घातलेलं असायचं आणि ते कुणी कुणाला सांगत नसे. कुणी जुनं शेण, कुणी गंज. त्या हिवाळ्यात लाम्मर्टला स्वतःचं काहीतरी सुचलं. कत्तलखान्यात ते रोज पिंपांनी वाहून जात होतं. त्याने डबाभर रक्त आणलं, मागच्या शेडमध्ये रॉकेलच्या शेगडीवर पत्र्याच्या थाळीत वाळवलं, खलात कुटलं, मातीत मळलं. बत्तीस गोळे झाले. डिसेंबरात त्याने ते एकेक करून मुळांशी पुरले. येनेकेला सांगितलं नाही. एवर्टला तर नाहीच.

फेब्रुवारीपर्यंत झाडांची खोडं बोटाएवढी जाड झाली. लाल वाट इतकी लाल झाली की येनेकेसुद्धा जाता जाता थांबली. "ह्या वर्षी काहीतरी वेगळं केलंयस," ती म्हणाली. त्याला फार बरं वाटलं.

फेब्रुवारीच्या बैठकीत एवर्टने त्याला वर्तमानपत्राची गुंडाळी दिली. आत बारीक पानांची एक फांदी होती, गावात कुणाकडे नसलेली. लाम्मर्ट इतका खूश झाला की त्याच्या तोंडून निघून गेलं.

"आभारी आहे, एवर्ट."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मग एवर्ट खो खो हसला.

"गेलं मग. आभार मानलेस? आता बघ काय उगवतं ते."

सगळे हसले. लाम्मर्टही हसला.

मार्चच्या दुसऱ्या दिवशी त्याला पहिला धागा दिसला. त्याच फांदीवर. केसाहून बारीक, हिरवा, पाण्याच्या ओढीने हलणारा. त्याने चिमट्याने तो ओढला. हाताला रेशमासारखा लागला. दुसऱ्या दिवशी तिथे दहा होते. आठवड्याने लाल वाटेवर हिरवी लव पसरली होती, आणि पंधरवड्याने खोडाखोडांमध्ये शेवाळाची जाळी. परीक्षक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी येणार होते.

लाम्मर्ट भिडला. कामावरून आला की बूट न काढता टाकीपाशी जायचा. लाकडी काडीचं टोक त्याने चाकूने खरखरीत केलं आणि ती शेवाळात घालून फिरवायला लागला. चातीवर सूत भरावं तसं शेवाळ काडीवर भरायचं. तो ते ओढायचा. त्याच्याबरोबर पानं यायची, कोवळे शेंडे यायचे, एकदा आख्खं झाड मुळासकट आलं. बादलीत तो लगदा पिळायचा, मुठीने दाबायचा. पाणी हिरवं व्हायचं. सकाळी पुन्हा तेवढंच.

दिवे बारा तासांवरून आठवर आणले. दर दुसऱ्या दिवशी अर्धं पाणी बदललं. शेवाळ खातात म्हणून काळे मासे आणले. ते दोन दिवस खाल्ल्यासारखं करत होते, मग दाण्यांची वाट बघत काचेपाशी उभे राहायला लागले.

"खा," लाम्मर्ट त्यांना म्हणाला. "खा, नाहीतर तुम्हालाच खाईन."

येनेकेने स्वयंपाकघरातून त्याच्याकडे पाहिलं. तो आवाज तिने बारा वर्षांत ऐकला नव्हता.

कत्तलखान्यात हाडांवरून मांस सोलणारा वोल्टर होता. त्याला दुसऱ्याच्या दुखण्यात बोट घालायची हौस.

"काय रे, तुझ्या तळ्यात गवत उगवलं म्हणे."

"उगवलं."

"आलं कुठून?"

"एका फांदीवरून."

"कुणाची फांदी?"

लाम्मर्टने सांगितलं. वोल्टरने सुरी थांबवली.

"म्हणजे सात वर्षं पहिला येणारा माणूस परीक्षेच्या तोंडावर तुला फुकट फांदी देतो. आणि तू ती घेतोस. वर आभार मानतोस. लाम्मर्ट, तुझ्यापेक्षा ही गुरं शहाणी. ती निदान खोड्यात शिरताना अडतात तरी."

आसपासचे हसले. लाम्मर्टने पुढचं जनावर घेतलं. त्या दिवशी त्याचा नेम तीनदा चुकला. तिसऱ्या वेळी बैल गुडघ्यांवर उभाच राहिला, तोंडातून फेस, डोळा सताड उघडा आणि त्याच्याकडेच बघणारा. लाम्मर्टने पिस्तूल पुन्हा टेकवलं, पुन्हा, आणि बैल पडल्यावरही आणखी एकदा. वोल्टर हसायचा थांबला.

एवर्ट बातमी ऐकून स्वतःच आला. टाकीपुढे बसला. बराच वेळ काही बोलला नाही, आणि एवर्टचं न बोलणं ही गावात दुर्मीळ गोष्ट होती.

"हे ओढून जाणार नाही, खाटका," शेवटी तो म्हणाला. "हे काहीतरी खातंय. तू वरून केस कापतोयस आणि खालून कुणीतरी त्याला जेवायला वाढतंय. वाळूखाली काय घातलंयस?"

"माती. तू सांगितलीस तीच."

"नुसती?"

"नुसती."

एवर्टने त्याच्याकडे पाहिलं. विणकराचे डोळे होते ते. हजार धाग्यांतला एक तुटलेला धागा त्यांना दिसायचा.

"बरं," तो म्हणाला. "मग भराभर वाढणारी झाडं घाल. मी देतो पाहिजे तेवढी. ती वाढली की शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेतात. आणि दिवे आठवडाभर बंद ठेव. ह्या वर्षी पहिला नको येऊस. टाकी वाचव."

"ह्या वर्षी पहिला नको येऊस," लाम्मर्ट म्हणाला.

"तसं नाही रे."

"मग कसं?"

एवर्टने टोपी घातली. "तुला आज टाकीत हात घालायची गरज आहे," तो म्हणाला. "सावकाश."

तो गेल्यावर लाम्मर्टने गोळे काढायला हवे होते. ते त्याच्या मनातही आलं. पण बत्तीस गोळे काढायचे म्हणजे सगळी टाकी उपटायची. परीक्षेला सहा दिवस होते. आणि रक्ताने तर झाडं बोटाएवढी झाली होती. रक्त आधीपासून खाली होतं. शेवाळ आलं ते फांदीनंतर. त्याचा हिशोब सरळ होता.

टाकी झाकून ठेवायचं मात्र त्याने ठरवलं. चार दिवस पूर्ण अंधार. त्यासाठी जाड पांघरुणं हवी होती. तो वर गेला आणि कपाटाच्या डोक्यावरून हिवाळी घोंगड्या ओढल्या. त्यांच्यामागून कागदी पिशवी खाली पडली. पिशवीतून प्लास्टर गडगडत पलंगाखाली गेलं.

त्याने ते काढलं. पिवळं पडलं होतं. आतल्या बाजूला कापूस होता आणि कापसावर बारीक सोनेरी केस चिकटलेले. त्याची तीन बोटंच आत जात होती. इतका लहान हात होता तिचा, किंवा आहे. बारा वर्षांत त्याने तो मापला नव्हता.

त्याने प्लास्टर पिशवीत घातलं आणि पिशवी होती तिथे ठेवली.

चार दिवस टाकी खोलीत तिरडीसारखी झाकून पडली होती. येनेके तिच्या बाजूने वळसा घालून जायची. पाचव्या दिवशी त्याने घोंगड्या काढल्या. शेवाळ तपकिरी पडून झाडांच्या पायाशी कोसळलं होतं. लाल वाट लालच होती. त्याने येनेकेला हाक मारली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं बराच वेळ नुसते बघत राहिले.

शुक्रवारी संध्याकाळी ते परत आलं होतं. एका दिवसात. पहिल्यापेक्षा दाट, पहिल्यापेक्षा गडद. मधल्या झुबक्यात सहा मासे अडकून मेले होते. एकाच्या कल्ल्यात धागा शिरून तोंडातून बाहेर आला होता. लाम्मर्टने तो मासा तळहातावर घेतला आणि धागा ओढला. धागा संपेचना.

शनिवारी सकाळी दहा वाजता तो सायकलवर एवर्टकडे गेला. कशासाठी, ते त्याला नक्की सांगता आलं नसतं. परीक्षक टेर्पस्ट्रा नुकतेच एवर्टकडून गेले होते. टेबलावर त्यांचा कॉफीचा कप तसाच होता. एवर्ट बिस्किटाचा डबा बंद करत होता.

"ये. कॉफी घे. एक बिस्कीट मिळेल, दोन मागू नकोस."

लाम्मर्ट टाकीकडे गेला. पाणी इतकं स्वच्छ की आहे की नाही कळू नये. मागच्या कोपऱ्यात बारीक पानांचं ते झाड होतं, ज्याची फांदी त्याला मिळाली होती. हिरवंगार. एक धागा नाही.

"तुझ्याकडे स्वच्छ आहे," लाम्मर्ट म्हणाला.

"आहे तर."

"मला दिलंस ते?"

"तेही स्वच्छच होतं. सहा महिने ते ह्याच पाण्यात होतं." एवर्टने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला हलकं करावं म्हणून, सवयीने, तो हसला. "तू आभार मानलेस ना, खाटका. मी तेव्हाच म्हटलं होतं, आता बघ काय उगवतं ते."

पहिला ठोसा तोंडावर बसला. दात तुटल्याचं लाम्मर्टला बोटांच्या हाडांत कळलं. एवर्ट मागे टाकीवर आदळला. काच तडकली, क्षणभर तशीच उभी राहिली, मग सगळं पाणी एकदम खोलीत आलं. एवर्ट त्या पाण्यात पडला. लाम्मर्ट त्याच्यावर बसला. दुसरा डोळ्यावर. तिसरा, चौथा. एवर्टने हात वर केला होता, अडवायला नव्हे, काहीतरी सांगायला उचलावा तसा. लाम्मर्टने तो खाली दाबला आणि पाचवा मारला. मासे सतरंजीवर उड्या मारत होते. शेजारच्या घरातून भिंतीवर कुणीतरी थापा मारत होतं.

मग तो थांबला. दमला म्हणून थांबला.

एवर्टचा चेहरा लाल झाला होता आणि त्याच्यावर बारीक हिरवी पानं चिकटली होती. लाम्मर्टने बोट पुढे केलं आणि बोटाच्या टोकाने त्याच्या उजव्या डोळ्याच्या कडेला स्पर्श केला. पापणी हलली. डावा डोळा दिसतच नव्हता.

आपण आत्ता काय केलं हे त्याला त्या स्पर्शाने कळलं. ठोशांनी नाही.

तो उठला. दार उघडं टाकून सायकलवर बसला. गल्लीच्या टोकाला त्याला रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला, आणि लाम्मर्ट उलट दिशेने, घराकडे, नेहमीच्या वेगाने निघाला. रस्ता ओलांडताना त्याने हात दाखवून वळण घेतलं.

येनेके स्वयंपाकघरात मनुकांचा पाव कापत होती, परीक्षकांसाठी.

"भिजलास कसा?"

"एवर्टच्या टाकीचं पाणी."

ते खोटं नव्हतं. तो वर जाऊन शर्ट बदलून आला आणि थेट टाकीपाशी गेला. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. बोटांची सालं निघाली होती. त्यांतून बारीक लाल धूर निघून पानांत विरत होता. तो शेवाळ ओढत राहिला. हात पाण्यात असेपर्यंत ते कुणाला दिसणार नव्हते. परीक्षक दोनला येणार होते, आणि हे दोनच्या आत कळलं नाही तर कदाचित कधीच कळणार नाही, असं काहीतरी त्याच्या डोक्यात चाललं होतं. मोठ्या माणसाने असा विचार करू नये. तो करत होता.

टेर्पस्ट्रा दोनला आले. उंच, वाळका म्हातारा, उत्तरेकडचा. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. लाम्मर्टने हात पाठीमागे बांधले. येनेके दारात उभी राहिली. अर्धा तास पेनाचा आवाज फक्त.

मग टेर्पस्ट्रांनी रिवाज मोडला. टोपण न लावता ते बोलले.

"विसिंक, ह्या टाकीसारखी लाल वाट मी दहा वर्षांत पाहिली नाही. आणि ह्या टाकीसारखं शेवाळही नाही. दोन्ही एकाच ताटात जेवतायत. खाली काय आहे?"

"माती."

"ओल्डेनकाम्प सकाळी म्हणाला, विसिंक मला सांगणार नाही, तुम्ही विचारा. म्हणाला, गुण द्यायच्या आधी विचारा, नाहीतर तो गाढव टाकी मारून टाकील. मला काल त्याने फोनही केला होता ह्यासाठी."

लाम्मर्टला खोलीतला प्रत्येक आवाज वेगवेगळा ऐकू यायला लागला. पंप. घड्याळ. येनेकेचा श्वास.

"काढा एक," टेर्पस्ट्रा म्हणाले.

हात पुढे आणावे लागले. त्याने वाळूत बोटं खुपसली आणि एक गोळा वर काढला. तो बाहेरून काळा पडला होता. टेर्पस्ट्रांनी तो बशीत घेतला आणि चमच्याने फोडला. मधोमध दाट लाल. सडलेला वास टेबलभर पसरला.

"रक्त," ते म्हणाले. "वाळवलेलं. असे किती आहेत?"

"बत्तीस."

"बत्तीस." त्यांनी चष्मा काढला. "ह्यातला एकसुद्धा जास्त झाला असता. झाडांनी खाल्लं तेवढं खाल्लं, बाकीचं पाण्यात झिरपलं. तुम्ही वरचं ओढत होतात, आणि ओढताना वाळू हलली की खालून आणखी वाढलं जात होतं. बाहेरून काही आलेलं नाही, विसिंक. शेवाळाचा एखादा तंतू प्रत्येकाच्या टाकीत असतो. उपाशी असतो इतकंच."

टेर्पस्ट्रा बशीकडे बघत होते. येनेके बशीकडे बघत नव्हती. ती त्याच्या बोटांकडे बघत होती.

"कुणाला?" तिने विचारलं.

टेर्पस्ट्रांनी मान वर केली.

"एवर्टला," लाम्मर्ट म्हणाला.

येनेकेने कॉफीचं भांडं टेबलावर ठेवलं. ओतलं नाही. ती वर गेली. कपाटाच्या दाराचा आवाज आला, घोंगड्या खाली पडल्याचा आला. ती कोट घालून खाली आली, एका हातात छोटी बॅग, दुसऱ्या हातात प्लास्टर. ते तिने पावाच्या ताटाशेजारी ठेवलं. लाम्मर्ट एक पाऊल पुढे आला. तिने नुसतं त्याच्या हातांकडे पाहिलं, आणि तो थांबला.

ती भांडली नाही. रडली नाही. मागच्या दारातून सायकल काढल्याचा आवाज आला, मग फाटक लागल्याचा.

टेर्पस्ट्रांनी पेनाला टोपण लावलं, कागद घडी घालून टेबलावर ठेवला आणि कॉफी न घेता गेले.

लाम्मर्टने बाही वर केली. गोळे काढायला सुरुवात केली. आधी मागची ओळ, मग लाल वाटेखालची. एकेक झाड उपटावं लागत होतं. तो ते सावकाश उपटत होता, अजिबात हिसका न देता, तरीही पाणी गढूळ होत गेलं. आधी तपकिरी, मग काळं. मासे वर येऊन तोंड उघडत होते. त्याला दिसायचं बंद झालं तेव्हा तो बोटांनी शोधायला लागला. काढलेले गोळे तो बशीत ठेवत गेला, बशी भरल्यावर पावाच्या ताटात.

पोलीस आला तेव्हा पंचवीस झाले होते. हवालदार गावचाच होता, लाम्मर्टला नावाने ओळखणारा.

"लाम्मर्ट, चल."

"सात राहिलेत."

हवालदाराने टाकीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, ताटाशेजारच्या प्लास्टरकडे पाहिलं. त्याला त्यातलं काही कळलं नाही. पण तो दाराला टेकून उभा राहिला आणि लाम्मर्टने सात काढेपर्यंत थांबला.

मग लाम्मर्टने हात बाहेर काढले. ते पुसले नाहीत. तसेच पुढे धरले.

"पापणी हलते का त्याची?" त्याने विचारलं. "डाव्या डोळ्याची?"

"काय?"

"कडेला बोट लावलं की. हलते का?"

हवालदाराला तो प्रश्न समजला नाही. त्याने बेड्या काढल्या आणि ओल्या मनगटांवर त्या लावायला त्याला थोडा वेळ लागला.